टेप लावलेली वायर

रामदासपेठेत दवाखान्यांची एक इमारत आहे. तिच्या मागच्या जिन्याने वर गेलं की आमची दातांची लॅब लागते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, प्लास्टरचा साचा आणि एक चिठ्ठी आमच्याकडे येते, आणि आम्ही कवळी किंवा कॅप तयार करून परत पाठवतो. एकवीस वर्षं झाली मी हे काम करते आहे. या कामात माणूस दिसत नाही, जबडा दिसतो. कधी रस्त्यात समोरून कुणी हसत येतं आणि त्याच्या तोंडातले दात मी बसवलेले आहेत हे मला कळतं, पण तो माणूस कोण हे माहीत नसतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका साच्यासोबत फोटो आला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं की पेशंटला स्वतःच्या जुन्या दातांसारखेच दात हवे आहेत. असं म्हणणारे लोक अधूनमधून भेटतात. बहुतेक जण लग्नातला फोटो देतात आणि त्याचा काही उपयोग होत नाही, कारण त्या काळी लग्नाच्या फोटोत कुणी तोंड उघडत नसे. हा फोटो मात्र कामाचा होता. पस्तिशीचा एक माणूस स्टेजवर उभा होता, समोर माइक, तोंड पूर्ण उघडलेलं. वरचे दात स्पष्ट दिसत होते. मधल्या दोघांत बारीक फट आणि डावीकडचा सुळा थोडा पुढे आलेला. गळ्यात लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार.

मी तो फोटो मोठा करून टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवला आणि मेणावर दात बसवायला घेतले. दोन दिवस तो माणूस माझ्यासमोर गात होता. दातांकडे बघता बघता माझी नजर गिटारकडे जायची. त्याला कारण होतं. माझ्या मुलीला आठवीत असताना आम्ही गिटारच्या क्लासला घातलं होतं. तीन महिन्यांत ती कंटाळली. गिटार घरात आलेली होती, क्लास आमच्याच गल्लीत होता, तेव्हा तिच्याऐवजी मी जायला लागले. क्लासमध्ये वयाने मी सगळ्यांत मोठी. शिकवणारे सर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे. साधी लाकडी गिटार मला बऱ्यापैकी यायला लागली होती, पण इलेक्ट्रिक गिटार मी कधी हातात धरली नव्हती.

सेट तयार होऊन गेला. दहा-बारा दिवसांनी फोटोतला माणूस स्वतःच जिना चढून लॅबमध्ये आला. सत्तरी ओलांडलेली, अंगाने वाळलेले, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तसा त्यांनी टेस्टर ठेवला होता, इलेक्ट्रिशियनकडे असतो तो, मुठीत छोटा दिवा असलेला.

“दात तुम्हीच बनवले काय, मॅडम?”

“हो. काही त्रास आहे का?”

“त्रास नाही. ‘स’ म्हटलं का शिट्टी वाजते. बायको म्हणते, कुकर लावला काय.”

समोरच्या दातांच्या मागे थोडं जाड राहिलं होतं. मी ते घासून कमी केलं, पुन्हा बसवायला दिलं आणि ‘स’ असलेला कुठलाही शब्द म्हणा म्हटलं. त्यांनी तीन वेळा ‘सबस्टेशन’ म्हटलं. तिसऱ्यांदा शिट्टी गेली. मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडे गेलं. मी अजून काढला नव्हता.

“ती गिटार तुमची?” मी विचारलं.

“माझीच. अलमारीवर पडली आहे. तीस वर्षांत हात नाही लावला.”

“काहून?”

“बायकोले आवडत नाही,” ते म्हणाले. मग मी शिकते आहे हे ऐकल्यावर म्हणाले, “पाहायची असेल तर या रविवारी. कोराडीले.”

ते कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर कॉलनीच्या बाहेर दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मी स्कूटरने गेले. कोळशाच्या ट्रकांमागे जावं लागल्यामुळे पोचेपर्यंत ओढणीचा रंग बदलला होता. दार त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, उघडलं. त्यांचे दात स्वतःचे आहेत, हे मी सवयीने आधी पाहिलं.

काकांनी स्टुलावर चढून गिटार खाली काढली. जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. चादरीवर राखेचा थर होता. कोराडीत राख कशावरही बसते, त्यात काही विशेष नाही, पण गिटार हलवली तेव्हा आतूनही राख सरकल्याचा आवाज आला. तारा गंजून काळ्या पडल्या होत्या. मान धनुष्यासारखी वाकली होती. अंगावरचा लाल रंग जागोजागी उडाला होता. कॉलनीतल्या ऑफिसर लोकांच्या क्लबात ती कुणीतरी टाकून दिली होती. काकांनी ती उचलून आणली, चालू केली, आणि कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले. गणपतीत, भीमजयंतीला, कुणाच्या लग्नात.

“विकायची आहे का?” मी भीत भीत विचारलं.

काका काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, “घेऊन जा वं बाई. मी तर भंगारवाल्याले देणार होती. यांनीच देऊ दिली नाही.”

काकांनी पैसे घ्यायला नकार दिला. त्याऐवजी दातांचा एक जास्तीचा सेट करून मागितला. एक पडला-फुटला तर दुसरा असावा म्हणून. मी कबूल केलं. गिटार स्कूटरवर कशी न्यायची ते ठरवण्यात थोडा वेळ गेला. शेवटी काकांनी ती दोरीने माझ्या पाठीला बांधून दिली. गाठ मारता मारता म्हणाले, “वाजव. पण घरीच वाजव. बाहेर कुठं प्रोग्रामले नेशील तर आधी मले सांगजो.”

“नक्की सांगीन,” मी म्हटलं. मला वाटलं, त्यांना ऐकायला यायचं आहे.

मी गिटार घरी न ठेवता लॅबमध्ये ठेवली. रविवारी लॅब बंद असते आणि किल्ली माझ्याकडे असते. गिटार दुरुस्त करायला लागणारी हत्यारं बाजारात वेगळी मिळतात म्हणे, पण मला ती आणावी लागली नाहीत. बारीक कानशी, पॉलिशची मशीन, भिंग लावलेला दिवा, दातांतली घाण काढायचे ब्रश, सगळं टेबलावर होतं. पहिल्या रविवारी मी फक्त राख काढली. वाटीभर निघाली. पावडरसारखी मऊ, करडी.

मानेच्या आत एक लोखंडी सळई असते आणि टोकाला किल्ली लावून ती पिळली की मान सरळ होते, हे मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकले. घाई केली तर मान तडकते. म्हणून मी आठवडाभर रोज काम सुटल्यावर किल्ली थोडीशीच फिरवायची आणि पट्टी लावून बघायची. दातांना तार लावून सरळ करतात तेही असंच हळूहळू करतात, त्यामुळे मला वाट पाहण्याचं काही वाटलं नाही. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं तारा दाबल्याने खाचा पडल्या होत्या. त्या पट्ट्या कानशीने घासून एका पातळीत आणल्या आणि कवळीला करतो तसं पॉलिश केलं. मानेच्या वरच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथे सहा खाचांची एक छोटी पट्टी असते. ती फुटलेली होती. नवी पट्टी मी कवळीच्या मटेरियलमधून केली. हाताशी फक्त हिरड्यांचं गुलाबी मटेरियल होतं. मुलीने ती पाहिली आणि म्हणाली, “आई, गिटारले हिरड्या आल्या.” पुढच्या आठवड्यात मी दातांच्या रंगाची दुसरी केली.

हात चालायला लागल्यावर माझी हिंमत वाढली. माझे हात छोटे आहेत. काकांच्या हाताला बसणारी जाड मान मला पकडता येईना, म्हणून मागच्या बाजूने मी ती घासून बारीक केली. लाल रंग जिथे उडाला होता तिथे खालून पिवळसर तपकिरी, कडेला गडद होत जाणारा मूळ रंग डोकावत होता. मी लॅबच्या गॅलरीत बसून दोन दिवसांत सगळा लाल रंग काढला. बोटांची कातडी निघाली, पण खालची गिटार फार देखणी निघाली.

राहिलं होतं आतलं काम. तारांच्या खाली दोन पिकअप होते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली असते, त्यातून तारेचा आवाज विजेत उतरतो. मागचा पिकअप मुका होता. भिंगाखाली पाहिलं तर त्या बारीक तारेचं बाहेरचं टोक तुटलेलं होतं. ते सापडायला एक रविवार आणि सोल्डरचा डाग द्यायला दुसरा रविवार गेला.

तिथेच मला ती वायर दिसली. तारा खाली ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात, तिच्याखालून एक वायर आत येत होती आणि मध्येच संपत होती. टोकाला काळी टेप गुंडाळली होती, अगदी व्यवस्थित, तीन वेढे. मी पुन्हा व्हिडिओ पाहिले. सगळीकडे हेच सांगितलं होतं की ही वायर बाकीच्या सर्किटला जोडलेली असते, आणि तुटली की गिटार भुणभुण करते. माझी गिटार भुणभुण करतच होती. सरांच्या छोट्या स्पीकरला लावली की एकसारखा माशीसारखा आवाज यायचा. मी टेप सोडली, वायर जोडली, डाग दिला. तारांवर हात ठेवला आणि भुणभुण थांबली. मला इतका आनंद झाला की मी बंद लॅबमध्ये एकटीच हसले. कुणीतरी आधी दुरुस्तीला घेऊन अर्धवट सोडलेलं काम आपण पूर्ण केलं, असं मला वाटलं.

मार्चमध्ये क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला. वर्धा रोडच्या बाजूला एक लॉन घेतलं होतं, लग्नांसाठी असतं तसं. सरांनी मोठ्या वयाच्या आम्हा चौघांना वाजवत गायला सांगितलं. मी कबूल केल्याप्रमाणे काकांना फोन केला. त्यांनी लॉन कुठे आहे, किती वाजता आहे एवढंच विचारलं आणि म्हणाले, “मी लवकर येतो.”

ते खरोखरच लवकर आले. पाच वाजले होते, अजून खुर्च्या मांडणं सुरू होतं. बसने एकटेच आले होते. काकूंना दात दाखवायला जातो म्हणून सांगून निघाले होते. मी स्टेजवर गिटार लावून पाहत होते. ते खालीच थांबले आणि गिटारकडे बघत राहिले.

“लाल काढला?”

मी ओशाळले. इतक्या दिवसांत त्यांना विचारावं हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“खाली मूळ रंग चांगला होता काका, म्हणून...”

“मीच लावला होता तो. आगीच्या पाण्याच्या पाइपाले जो लाल देतात ना प्लँटमध्ये, तो. तपकिरी होती तर फर्निचर वाटे.” ते थोडं जवळ आले. “आता चांगली दिसून राहिली.”

मला हायसं वाटलं. मी माइकसमोर गेले आणि एक-दोन सूर छेडले. काकांनी मान तिरकी केली.

“भुणभुण काहून नाही येऊन राहिली?”

“ती मी बंद केली,” मी अभिमानाने सांगितलं. “आत एक वायर तुटली होती. जोडली.”

काका स्टेजच्या पायऱ्या चढून वर आले. त्यांच्या वयाच्या मानाने फार भराभर. “माइकपासून मागं हो,” ते म्हणाले. आवाज वाढवला नाही, पण मी लगेच मागे झाले. “हात काढ तारांवरून. पट्टा काढ गळ्यातून. ठेव खाली.”

मी गिटार स्टँडवर ठेवली. त्यांनी खिशातून टेस्टर काढला आणि त्याचं टोक माइकच्या जाळीला लावलं. मुठीतला छोटा दिवा लाल पेटला. मग तारांना लावलं. पेटला नाही. पुन्हा माइकला लावलं. पेटला.

“हा माइक एका लाइनवर, तुझी गिटार दुसऱ्या लाइनवर,” ते म्हणाले. “इकडं करंट, तिकडं जमीन. मधात कोण?”

मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

“ते वायर तुटलेलं नव्हतं. मी कापलं होतं.”

तुटलेल्या वायरला कुणी तीन वेढे टेप लावत नाही, हे मला तेव्हा सुचलं.

साउंडवाला धावत आला. चाळिशीतला, दाढीवाला माणूस. “कुछ नहीं होता अंकल,” तो म्हणाला, “रोजच चालते इथं.”

“हाथ लगा के दिखा,” काका म्हणाले. “एक हात माइकले, एक हात तारांले. मी पाहतो.”

त्याने हात लावला नाही. काकांनी स्टेजमागचं बोर्ड उघडायला लावलं. मिक्सरला जाणाऱ्या एक्सटेन्शनमध्ये हिरवी वायर पिनमधून निघून नुसती लोंबत होती. ती बसवली तरी टेस्टर मंद पेटायचाच. मग काकांनी लॉनच्या चौकीदाराला विचारून अर्थिंगचा खड्डा शोधला. जनरेटरच्या मागे होता, आणि पार कोरडा, त्यात कागदी प्लेट पडल्या होत्या. खड्डा ओला असेल तरच करंट जमिनीत उतरतो, ते म्हणाले. लॉनच्या स्वयंपाकघरातून अर्धी थैली जाडं मीठ मागवलं, खड्ड्यात टाकलं आणि वर बादल्या ओतायला लावल्या. जमीन पाणी प्यायला लागली. सर मला दोनदा विचारून गेले की किती वेळ लागेल. मी काकांकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, “मुरू द्या.”

पाणी मुरेपर्यंत आम्ही स्टेजच्या पायरीवर बसलो. पालक यायला लागले होते, पोरं नव्या कपड्यांत हिंडत होती. काकांनी तिथे मला सांगितलं.

“कॉलनीतलाच प्रोग्राम होता. तिसरं गाणं सुरू होतं. डावा हात तारांवर आणि ओठ माइकले टेकले. हात सुटेच ना. तोंड उघडं, आवाज निघे ना. लोकांले वाटलं, मी सूर लांबवून राहिलो. टाळ्या वाजवल्या.”

“मग?”

“बायको समोर बसली होती. तिलेच समजलं. ती उठली आणि पळत जाऊन मेन पाडला. मी तोंडावर पडलो, माइकच्या स्टँडवर. समोरचे चार दात तिथंच गेले.” त्यांनी कवळीवरून जीभ फिरवली. “तुले दिला तो फोटो त्याच दिवसाचा आहे. पहिल्या गाण्याचा.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कटर घेऊन ती वायर कापली होती. भुणभुण सुरू झाली, पण तारांमधून करंट यायचा रस्ता बंद झाला. त्यानंतर ते पाच-सहा वर्षं वाजवत राहिले.

“मग वाजवणं बंद का केलं?” मी विचारलं.

“मी वाजवत असलो का ती मेन स्विचजवळ जाऊन उभी राहे. प्रत्येक प्रोग्रामले. हात वर करून. मांडवाच्या मागं, जनरेटरच्या आवाजात. सांगून पाहिलं, का वायर कापलं, आता काही होत नाही. ऐके ना. पाच-सहा वर्षांत तिनं एक गाणं ऐकलं नाही.” त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. “मग म्हटलं, जाऊ दे.”

“मला आधी का नाही सांगितलं, काका?”

“सांगायचं होतं. ती बाजूले उभी होती. तिच्यासमोर त्या दिवसाचं बोलत नाही मी. वाटलं, कापलेलं आहे, तसंच राहील. तू जोडशील हे कोणाले माहीत.” मग म्हणाले, “चूक माझीच आहे.”

चूक माझीही होती. ते मी त्यांना सांगितलं. त्यावर ते उठून टेस्टर लावायला गेले. या वेळी दिवा पेटला नाही. तरीही त्यांनी खिशातला चौकडीचा रुमाल काढून माइकच्या तोंडावर गुंडाळला आणि दोरीने बांधला. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. सगळ्या पोरांनी त्या रुमालातूनच गाणी म्हटली. माझी पाळी आली तेव्हा दोन ठिकाणी चुकले आणि एक कडवं विसरले. मुलीने व्हिडिओ काढला, पण तो मी अजून पूर्ण पाहिलेला नाही. माझं गाणं झाल्यावर काका निघाले, कारण शेवटची बस लवकर असते.

पुढच्या रविवारी ते लॅबमध्ये आले. येताना कागदाच्या पुडीत शेंगदाण्याएवढे दोन तुकडे घेऊन आले, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. मी विचारलं, वायर पुन्हा कापू का. ते म्हणाले, नको, तेव्हा त्यांच्या हातात कटर होतं म्हणून त्यांनी कापली, पुढे कळलं की दुसरी रीत आहे. हे दोन तुकडे मध्ये जोडले तर भुणभुण जाते आणि करंट आला तरी फार येऊ शकत नाही.

“म्हणजे झटका बसणार नाही?”

“मुंगी चावल्यासारखा बसू शकते. हात चिकटणार नाही. पण याच्यावर भरवसा ठेवून राहायचं नाही. आधी टेस्टर, मग गाणं.”

डाग मीच दिला. त्यांची नजर आता बारीक कामाला पुरत नव्हती, माझी भिंगाखाली पुरत होती. ते कुठे काय लावायचं ते सांगत होते. मान बारीक केलेली त्यांना हाताला लगेच कळली. अंगठा मागून वर-खाली फिरवून म्हणाले, “हे तुझ्या मापाचं केलं.” मी हो म्हटलं. “बरोबर केलं,” ते म्हणाले, “वाजवणार तूच आहेस.”

मग मला म्हणाले, “घरी घेऊन ये एकदा. तिले सांगावं लागेल.”

काकूंना तोवर कळलेलंच होतं. दात दाखवायला गेलेला माणूस पॅन्टला मीठ आणि चिखल लावून परत आला, तेव्हा त्यांनी विचारलं आणि काकांनी सगळं सांगितलं. मी गिटार घेऊन गेले तेव्हा काकू माझ्याशी नीट बोलल्या, पण गिटारकडे बघितलं नाही. काकांनी त्यांना ते दोन तुकडे, वायर, टेस्टर, सगळं समजावलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ते सगळं ठीक आहे. पण माझ्या घरात हिले वायर लावायची नाही.”

“बिना वायरची वाजवू?” काकांनी विचारलं.

“वाजते काय तशी?”

“वाजते. बारीक.”

काकूंनी खांदे उडवले. काका पलंगाच्या कडेला बसले. बिनावायरची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे लाकडाची फळी आणि तारा, आवाज दोन हातांपलीकडे जात नाही. त्यांची बोटं आधी अडखळली. तारा आता मानेला त्यांच्या सवयीपेक्षा खूप जवळ होत्या, एक-दोनदा त्यांनी गरजेपेक्षा जोरात दाबल्या. मग एक चाल आली. मला ओळखता आली नाही, जुन्या ऑर्केस्ट्रातली असावी. काकू दारात उभ्या होत्या. रस्त्यावरून ट्रक गेला तेव्हा त्यांना काही ऐकू गेलं नाही, म्हणून त्या आत आल्या. नंतर स्टूल ओढून अगदी गिटारजवळ बसल्या, हात मांडीवर.

चाल संपल्यावर त्यांनी विचारलं, “हेच वाजवत होते काय तिथं?”

“हे आणि बाकीचे.”

“बाकीचे वाजवा.”

काकांना बाकीचं पूर्ण आठवेना. एकाची सुरुवात आठवली, एकाचा शेवट. मध्ये कुठले स्वर येत असतील ते मी शोधून बघत होते आणि ते मान हलवून हो किंवा नाही सांगत होते. असं करता करता दुपार झाली आणि काकूंनी मला जेवायला थांबवून घेतलं.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी मी कोराडीला जाते. त्यांची तीन गाणी मला पूर्ण येतात, चौथ्याचं अंतऱ्याजवळ अडतं. काकांचा जास्तीचा सेट दिला आहे, तो त्यांनी डब्यात तसाच ठेवलाय. गिटारचा मागचा पिकअप उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की पुन्हा मुका होतो. मी दिलेला डाग दमट हवेत कुठेतरी सुटत असावा. या वेळी तो पूर्ण उघडून पाहायचा आहे.